राउटरची वही

गेल्या सुपारीच्या हंगामात नंदिगड्ड्याला मावशीकडे गेलो होतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका पसरलेला मोठा आणि वस्ती विरळ. काळी नदीच्या खोऱ्यातलं जंगल, मध्येमध्ये भाताची खाचरं, ओढ्याकाठी सुपारीच्या बागा, आणि एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरात ऐकू जाईलच असं नाही. मावशीच्या अंगणभर सुपारी वाळत घातलेली होती. बागेत रात्री रानडुकरं येतात, दिवसा वानरं, कधी गवा. म्हणून मावसभावाने, दादाने, चार कॅमेरे लावून घेतले होते. घरातल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसायचं. पण कामासाठी बेळगावला गेल्यावर तेच चित्र त्याला फोनवर पाहायचं होतं, आणि ते काही केल्या दिसत नव्हतं. कॅमेरे बसवणारा दोनदा येऊन गेला, राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून दिलं, कागदावर पत्ता लिहून दिला. घरातलं वायफाय सुटलं की चित्र गायब.

"अरे, इथे बसून मला सगळं जग दिसतं," दादा म्हणाला. "मग जगातून माझं अंगण का दिसत नाही?"

हा प्रश्न मला फार नेमका वाटला. आजच्या इंटरनेटची रचना कशी आहे आणि ती अशी का झाली, हे सगळं त्यात आहे. त्याचं उत्तर भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीत, राउटरमध्ये, चालणाऱ्या एका कामात दडलेलं आहे. त्या कामाचं नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन. तंत्रज्ञ त्याला थोडक्यात 'नॅट' म्हणतात.

आधी पत्त्याचं बोलू. मावशीच्या ट्रंकेत जुनी आंतर्देशीय पत्रं आहेत. त्यांवर 'मु. नंदिगड्डे, ता. सुपा, जि. कारवार' असं लिहिलेलं. काळीवर सुपा धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. तरी 'ता. सुपा' लिहिलेलं पत्र मावशीला पुढेही मिळत राहिलं, कारण पोस्टमनला मावशी ठाऊक होती. पत्ता चुकला तरी माणूस सापडतो, हे टपालाचं मोठं बळ. इंटरनेटकडे ते नाही. तिथे पत्ता म्हणजे एक आकडा, आणि तो जगात एकमेव हवा. पोस्टमन पत्त्यावरून माणूस ओळखतो. राउटर आकड्याशी आकडा फक्त जुळवून पाहतो.

आता दादाच्या फोनचा पत्ता पाहा : १९२.१६८.१.७. माझ्या पुण्याच्या घरातल्या फोनचाही पत्ता, योगायोगाने नव्हे, अगदी हाच होता. या क्षणी जगात कोट्यवधी घरांत कुठला ना कुठला फोन १९२.१६८.१.७ हाच पत्ता लावून बसलेला असेल. पत्ता एकमेव हवा म्हणायचं आणि प्रत्येक घरात तोच द्यायचा, हे जमतं कसं?

याची सुरुवात टंचाईत आहे. इंटरनेटच्या पत्त्यांची आजही चालणारी चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाली. तिच्यात पत्त्याला ३२ बिट दिले, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. तेव्हा संगणक म्हणजे विद्यापीठांची आणि लष्कराची यंत्रं. चार अब्जांहून जास्त पत्ते कधी संपतील असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. वाटणीही सढळ हाताने झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या एकट्या संस्थेकडे १८ ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते होते. नव्वदचं दशक उजाडलं तेव्हा लक्षात आलं की या गतीने पत्ते पुरणार नाहीत. मोठ्या पत्त्यांची नवी आवृत्ती बनवणं हा खरा उपाय होता. पण तिला वर्षं लागणार होती.

मधल्या काळासाठी मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक टिपण लिहिलं, आरएफसी १६३१. कल्पना अशी : संस्थेच्या आत कुठलेही पत्ते वापरा, ते बाहेर दिसू देऊ नका, वेशीवरचा राउटर जाता-येता पत्ता बदलून देईल. या टिपणाबद्दल मला आदर वाटतो तो त्याच्या प्रामाणिकपणामुळे. हा तात्पुरता उपाय आहे, कायमचा म्हणून तो योग्य नाही, कदाचित तात्पुरता म्हणूनही योग्य ठरणार नाही, असं लेखकांनी शेवटी स्वतःच नोंदवलं आहे. त्याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. जगातली बहुतेक घरं आज त्या तात्पुरत्या उपायावर उभी आहेत.

फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन पट्टे कायमचे खासगी म्हणून राखून ठेवले गेले : १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. हे पत्ते कुणीही आपल्या घरात, कचेरीत वापरावेत; मात्र सार्वजनिक इंटरनेटवर ते चालणार नाहीत. वाडीत 'वरचं घर', 'खालचं घर' म्हणतात ना, तसे हे. प्रत्येक वाडीत वरचं घर असतं, आणि वाडीपुरता त्या नावाने घोटाळा होत नाही. पण बेळगावच्या टपाल कचेरीत 'वरचं घर' एवढंच लिहिलेलं पाकीट आलं, तर ते कुठे पाठवणार?

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते. दादाने फोनवर सुपारीचा दर पाहण्यासाठी एक पान उघडलं असं धरू. फोन एक पाकीट तयार करतो. या पाकिटांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात : पाठवणाऱ्याचा पत्ता आणि त्याचा पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता आणि त्याचा पोर्ट. पोर्ट म्हणजे ० ते ६५,५३५ मधला एक क्रमांक. एकाच फोनवर एका वेळी व्हॉट्सॲप, बातम्या, नकाशा असं बरंच चालू असतं. आलेलं पाकीट यातल्या कुणाचं, ते या क्रमांकावरून कळतं. सुरक्षित संकेतस्थळं ४४३ या पोर्टवर ऐकत बसलेली असतात. फोन स्वतःसाठी मोठ्या आकड्यांतला एखादा मोकळा क्रमांक उचलतो.

तर फोनने लिहिलं : 'प्रेषक १९२.१६८.१.७, पोर्ट ५१३२४, प्रति २०३.०.११३.५०, पोर्ट ४४३.' (यातला दुसरा पत्ता पुस्तकांत उदाहरणासाठीच राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आहे, पुढे राउटरचा पत्ता येईल तोही तसाच. लिहिणाऱ्यांसाठी कुणी इतका विचार केला, याचं मला अप्रूप वाटतं.) हे पाकीट जसंच्या तसं बाहेर गेलं तर पोचेल, पण उत्तर परत येणार नाही, कारण १९२.१६८.१.७ म्हणजे बाहेरच्या जगाला 'वरचं घर'.

राउटर पाकीट थांबवतो आणि प्रेषकाची ओळ खोडतो. तिथे स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, समजा १९८.५१.१००.२०, आणि पोर्टच्या जागी स्वतःकडचा मोकळा क्रमांक, समजा ४००१७. मग आपल्या वहीत एक ओळ लिहितो : '४००१७ म्हणजे १९२.१६८.१.७ चा ५१३२४, बोलणं चाललंय २०३.०.११३.५० च्या ४४३ शी.' पाकिटावर मजकूर बिघडला तर कळावा म्हणून एक पडताळणीची बेरीज असते. पत्ता बदलला की ती जुळत नाही, म्हणून राउटर तीही नव्याने मांडतो. हे सगळं सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात होतं, प्रत्येक पाकिटासाठी.

उत्तर येतं ते १९८.५१.१००.२० च्या ४००१७ वर. राउटर वही उघडतो, ४००१७ ची ओळ शोधतो, 'प्रति'ची ओळ खोडून तिथे दादाच्या फोनचा खासगी पत्ता आणि ५१३२४ लिहितो, आणि पाकीट आत सोडतो. फोनला कळतही नाही की वाटेत कुणी हात लावला. पलीकडच्या संकेतस्थळालाही नाही. त्याच्या लेखी ते राउटरशीच बोलत होतं. त्याच वेळी मावशीच्या फोनने योगायोगाने ५१३२४ हाच पोर्ट उचलला असेल तरी अडचण नाही. तिच्यासाठी वहीत वेगळी ओळ, वेगळा बाहेरचा क्रमांक. एका सार्वजनिक पत्त्यामागे सगळं घर असं मावतं. पत्त्यासोबत पोर्टही बदलण्याच्या या पद्धतीची रीतसर मांडणी जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०२२ मध्ये आहे; ते पी. श्रीसुरेश आणि एगेवांग यांनी लिहिलं.

ही वही राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. जोयड्याच्या पावसात वीज गेली की वही कोरी. वीज परत येते, राउटरचे दिवे लागतात, पण आधीची सगळी संभाषणं तुटलेली असतात. प्रत्येक ॲपला नव्याने सुरुवात करावी लागते. वीज न जाताही ओळी खोडल्या जातात, कारण वहीची पानं मोजकी. बोलणं संपलं असं दिसलं की ओळ जाते; बराच वेळ कुणी बोललं नाही तरी जाते. रीतसर सुरू होऊन रीतसर संपणाऱ्या टीसीपी संभाषणाला निदान २ तास ४ मिनिटं द्यावीत आणि सुट्या पाकिटांच्या यूडीपीला निदान २ मिनिटं, अशा शिफारशी आहेत. सगळे राउटर त्या पाळतात असं नाही. म्हणून निरोपांची ॲप्स काही बोलायचं नसलं तरी अधूनमधून एक छोटं पाकीट बाहेर पाठवत राहतात. 'मी आहे, ओळ खोडू नका,' एवढंच त्याचं काम.

आता दादाच्या प्रश्नाकडे येऊ. बेळगावहून त्याच्या फोनने घराच्या दिशेने पाकीट पाठवलं. ते राउटरच्या दाराशी आलं. राउटरने वही उघडली. या पाकिटाची ओळ नाही, कारण आतून कुणीही आधी बाहेर बोललेलं नाही. पाकीट कुणासाठी, कॅमेऱ्यासाठी, टीव्हीसाठी की मावशीच्या फोनसाठी, हे ठरवायला त्याच्याकडे काही आधार नाही. तो ते टाकून देतो. यात बिघाड नाही. वहीवर चालणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं?

ज्यांनी ऐंशीचं दशक पाहिलंय त्यांना 'पी.पी. नंबर' आठवत असेल. घरात फोन नसायचा, म्हणून शेजाऱ्यांचा नंबर देऊन पुढे 'पी.पी.' लिहायचं. फोन शेजारी वाजायचा आणि तिथल्या काकू खिडकीतून हाक मारायच्या. त्या काकू नाव विचारायच्या, माणूस ओळखायच्या. राउटर त्या काकूंसारखा असता तर दादाचं काम झालं असतं. पण राउटरची रीत वेगळी आहे : तुम्ही स्वतः येऊन ट्रंक कॉल लावला असेल, तरच तो पलीकडचा आवाज तुमच्यापर्यंत आणतो. कुणी आपणहून फोन केला तर तो उचलून ठेवून देतो.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वहीत हाताने लिहिलेली, न खोडली जाणारी ओळ : '८००० वर काहीही आलं तर ते कॅमेऱ्यांची चित्रं साठवणाऱ्या डीव्हीआरकडे द्या.' कॅमेरेवाल्याने ही ओळ बरोबर लिहिली होती. मी तपासली. तरी काम होत नव्हतं. मग मी राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहिला. तो १००.७२ ने सुरू होत होता. आणि बाहेरच्या एका संकेतस्थळाला 'मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतो?' असं विचारलं, तर उत्तरात भलताच पत्ता आला. तिथे उलगडा झाला. राउटरच्या वर आणखी एक राउटर होता, सेवा देणाऱ्या कंपनीचा, आणि तोही हेच करत होता.

याला मोठ्या प्रमाणावरचं नॅट म्हणता येईल; सीजीनॅट हे त्याचं रूढ नाव. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाचा साठा अखेरच्या गठ्ठ्यावर आला, आणि त्यानंतर काटकसरीची वाटणी सुरू झाली. भारतासारख्या देशात नेमक्या त्यानंतरच्या वर्षांत कोट्यवधी माणसं इंटरनेटवर आली. प्रत्येक घराला एक सार्वजनिक पत्ता देणंही परवडेना. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा नवा पट्टा फक्त सेवादार आणि ग्राहक यांच्यामधल्या या मधल्या टप्प्यासाठी राखला गेला. दादाच्या राउटरचा 'बाहेरचा' पत्ता या पट्ट्यातला होता, म्हणजे खरं तर तोही आतलाच. कॅमेरेवाल्याने घराचं दार उघडून ठेवलं होतं, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद होता आणि त्याची किल्ली दादाकडे नव्हती.

एका पत्त्यामागे समजा ६४ घरं बसवली, तर वापरण्याजोगे पोर्ट वाटून प्रत्येकाच्या वाट्याला हजारभर येतात. हजार पुष्कळ वाटतात; पण आजचं एक पान उघडताना डझनावारी संभाषणं सुरू होतात, आणि घरात पाच-सहा फोन असले तर वाटा संपू शकतो. मग काही पानं उघडतात, काही लटकतात, आणि कारण कुणाला सापडत नाही. त्या ६४ मधल्या एकाने कुठे गैरप्रकार केला तर त्या पत्त्यावर बंदी येते, ती सगळ्यांना. 'तुम्ही यंत्र नाही ना?' असं विचारत चित्रांतले सिग्नल निवडायला लावणारी पानं वारंवार समोर येतात, त्यामागेही हे एक कारण असू शकतं. गुन्ह्याच्या तपासात नुसत्या पत्त्याने घर सापडत नाही. नेमकी वेळ आणि पोर्टही लागतो. युरोपच्या पोलिसांनी, युरोपोलने, २०१७ मध्ये हीच अडचण जाहीरपणे मांडली होती.

मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळी वाटते. इंटरनेटची मूळ कल्पना अशी होती की जाळ्यावरचं प्रत्येक यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राला हाक मारू शकेल. नंदिगड्ड्यातलं यंत्र आणि न्यूयॉर्कमधलं यंत्र, दोघांचा मान सारखा. नॅटने हे समीकरण बदललं. आता घरातली यंत्रं विचारू शकतात, पण त्यांना कुणी विचारू शकत नाही. ज्याला थेट हाक मारता येत नाही त्याला मध्यस्थ लागतो, आणि मध्यस्थ म्हणजे ज्याच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे असा कुणीतरी मोठा. आपले फोटो, निरोप, कॅमेऱ्यांची चित्रं दुसऱ्याच्या संगणकातून फिरून येतात. याला व्यापाराची कारणं आहेतच; पण पत्त्यांची टंचाईही त्यात भागीदार आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

मग व्हॉट्सॲपचा कॉल कसा लागतो? दोन्ही बाजूला नॅट, दोघांचीही दारं बंद. इथे तंत्रज्ञांनी जी युक्ती काढली ती फार सुंदर आहे. दोन्ही फोन आधी एका सार्वजनिक पत्त्यावरच्या यंत्राला विचारतात : 'मी तुला कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पोर्टवरून दिसतो?' मिळालेली उत्तरं ते त्याच यंत्रामार्फत किंवा दुसऱ्या मध्यस्थामार्फत एकमेकांना कळवतात. आणि मग दोघेही जवळजवळ एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने पाकीट पाठवतात. पाकीट बाहेर पडताना प्रत्येकाच्या राउटरच्या वहीत ओळ लिहिली जाते. पलीकडचं पाकीट येऊन पोचतं तेव्हा राउटरला वाटतं की हे आतून गेलेल्या पाकिटाचं उत्तर आहे, आणि तो ते आत सोडतो. दोघांनीही आधी बोलायला सुरुवात केली, म्हणून दोघांनाही ऐकू येतं. काही राउटर प्रत्येक वेगळ्या पत्त्यासाठी वेगळा पोर्ट काढतात. तिथे ही युक्ती फसते आणि सगळं संभाषण मधल्या यंत्रातून न्यावं लागतं. मावशी व्हॉट्सॲपवर नातीशी बोलते तेव्हा यातलं काहीतरी घडत असतं.

नॅटमुळे घर सुरक्षित राहतं असं पुष्कळ जण सांगतात. यात अर्धं तथ्य आहे. अनोळखी पाकीट आत येत नाही हे खरं. पण आतल्याच एखाद्या यंत्रात घातक प्रोग्रॅम शिरला आणि त्याने आतून बाहेर बोलायला सुरुवात केली, तर राउटर त्याच्यासाठीही इमानाने ओळ लिहितो. आणि पोर्ट फॉरवर्डिंग करून दार उघडं ठेवलं तर तेवढंही संरक्षण उरत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे असे उघडे पडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांतल्या बहुतेकांचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांनी मिळून, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर पाकिटांचा एवढा मारा केला की अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळं काही तास उघडेनात. दादाच्या डीव्हीआरचा पासवर्ड मी पाहिला. तो कारखान्यातला होता. दिंडी दरवाजा बंद होता हे त्या दिवशी मला बरंच वाटलं. आधी पासवर्ड बदलला, मग कॅमेरेवाल्याने लिहिलेली ओळ काढून टाकली.

ज्याची वाट पाहत १९९४ चा तात्पुरता उपाय आला, तो खरा उपाय आता पोचला आहे. डिसेंबर १९९८ मध्ये पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीची, आयपीव्ही६ ची, मांडणी झाली. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे पत्ते किती, तर ३४० लिहून पुढे ३६ शून्यं द्यावीत तेवढे. प्रत्येक फोनला, कॅमेऱ्याला, बागेतल्या पंपालाही स्वतःचा जगात एकमेव पत्ता देता येतो. वही लिहायची गरज नाही. दार कुणासाठी उघडायचं हे मग राउटरमधला पहारा ठरवतो, आणि तो पहारा घरमालकाच्या हातात असतो. २०१६ मध्ये जिओने ४जी सेवा सुरू केली तीच आयपीव्ही६ सह, आणि या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. दादाच्या फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू केला तर आठ गटांचा तो लांबलचक पत्ता दिसला. डीव्हीआरच्या मेनूत मात्र आयपीव्ही६ चं नाव नव्हतं. एका बाजूला नवा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला जुनं यंत्र, अशी आपली सध्याची अवस्था आहे, आणि ती आहे तोवर वही लागणारच.

दादासमोर दोन वाटा होत्या. सेवादाराकडून दरमहा जास्त पैसे भरून सार्वजनिक पत्ता घ्यायचा, किंवा डीव्हीआरनेच आधी बोलायला सुरुवात करायची. दुसरी वाट आम्ही घेतली. डीव्हीआरमध्ये तशी सोय होती : चालू झाला की तो बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्राला आपणहून हाक मारतो आणि ती ओळ जिवंत ठेवतो; फोनही त्याच यंत्राकडे जातो; दोघांची गाठ तिथे पडते. चित्रं दुसऱ्याच्या दारातून जातील हे मी दादाला स्पष्ट सांगितलं. त्याने विचार केला, आणि घरातला कॅमेरा त्यातून काढून फक्त अंगण आणि बाग दाखवणारे तीन ठेवले.

संध्याकाळी वीज गेली. तासाभराने आली. राउटरचे दिवे एकेक करून हिरवे झाले, वही कोरी होती. दादा फोनवरचं वायफाय बंद करून अंगणाच्या कडेला, जिथे मोबाइलची एखादी दांडी मिळते तिथे जाऊन उभा राहिला. मिनिटभर काही दिसेना. आत माळ्यावर डीव्हीआर चालू होऊन स्वतःचं पहिलं पाकीट बाहेर पाठवत असणार. मग फोनच्या पडद्यावर अंधारातलं अंगण उमटलं, सुपारीवर ताडपत्री ओढणारी मावशी, आणि कडेला फोन हातात धरून उभा असलेला तो स्वतः.